पावसाळी भटकंतीसाठी 'वॉटर शूज' घेताय? ट्रेकचा आणि तुंबलेल्या रस्त्याचा बूट वेगळा का असतो, जाणून घ्या

पावसाळ्यात मरोळहून ट्रेकला निघणं सोपं आहे. मरोळ नाक्यावरून मेट्रोनं घाटकोपर गाठायचं आणि तिथून कर्जत किंवा कसारा लोकल पकडायची. अडचण पायांची असते. सकाळी ओढा ओलांडलेले बूट घालूनच संध्याकाळी मिठी नदीकाठच्या या भागातलं साचलेलं पाणी तुडवावं लागतं. दोन्हीकडे चालेल असा एकच बूट मिळतो का?

ओढ्यात कोणता बूट?

ओढ्यात उतरल्यावर पाणी बुटात शिरणारच. म्हणून ते लवकर बाहेर पडणं महत्त्वाचं. वॉटर शूजना जाळीदार कापड असतं आणि तळाशी किंवा बाजूला छिद्रं असतात. 'वॉटरप्रूफ' ट्रेकिंग बुटात वरून पाणी शिरलं, की ते आतच साठतं. बूट जड होतो, पाय तासन्‌तास ओला राहतो आणि फोड येतात. गमबूट तर ओढ्यात नकोतच. ते पाण्यानं भरले, तर पाय उचलणंही कठीण होतं.

खरेदी करताना काय पाहाल?

- सोल: सह्याद्रीतला ओला, शेवाळलेला कातळ फार निसरडा असतो. कडक प्लॅस्टिकसारखा सोल त्यावर घसरतो. मऊ रबर आणि बारीक चिरा असलेला सोल जास्त चांगला धरतो. चिखलासाठी मात्र खोल खाचा लागतात. दोन्हींचा मेळ असलेला सोल निवडा.
- पुढचा भाग: पाण्याखालचे दगड दिसत नाहीत. बोटं झाकणारं जाड रबर हवंच.
- पकड: टाचेला घट्ट बसणारा पट्टा किंवा लेस हवी. नुसती चप्पल प्रवाहात वाहून जाते.
- माप: संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात. तेव्हा मोजे घालून बूट घालून पाहा. मोजे सुती नकोत, ते पाणी धरून ठेवतात.

समुद्रकिनाऱ्यासाठी मिळणारे पातळ सोलचे वॉटर शूज वाळूवर ठीक आहेत. राजमाचीसारख्या लांब वाटेवर मात्र तळपाय दगडांनी दुखून येतात.

शहरातलं पाणी वेगळं का?

तुंबलेल्या पाण्यात उंदीर, कुत्रे, गुरं यांचं मूत्र मिसळलेलं असू शकतं. त्यातले लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू जखमेतून शरीरात शिरतात. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला. त्या पुरानंतर मुंबईत या आजाराची मोठी साथ आली होती.

म्हणजे ओढ्यात उपयोगी पडणारी छिद्रं इथे धोक्याची ठरतात. ट्रेकमध्ये पायाला खरचटलं असेल, तर धोका आणखी वाढतो. शहरात गमबूटच बरे, तेही पाणी त्यांच्या उंचीपेक्षा कमी असेल तरच. जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा आणि घरी आल्यावर पाय साबणानं धुवा. साचलेल्या पाण्यातून चालला असाल, तर 24 ते 72 तासांत डॉक्टरांचा सल्ला घ्या, असं मुंबई महापालिका सांगते. प्रतिबंधक औषध लागेल की नाही, हे डॉक्टरच ठरवतात.

मग एकच बूट घ्यायचा का?

प्रवासासाठी मऊ रबराच्या सोलचे, पाणी बाहेर टाकणारे बूट घ्या. परतताना मरोळमध्ये पाणी भरलं असेल, तर ते ओसरेपर्यंत स्टेशनवर थांबा. घरी आल्यावर बूट धुवा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पंख्याखाली वाळवा. कडक उन्हात सोलचा गोंद सुटू शकतो.

आणि बूट कितीही चांगला असला, तरी गढूळ पाण्याखालचं उघडं गटार तो दाखवत नाही. 25 सप्टेंबर 2024 च्या पावसात मरोळजवळच, सीप्झ भागात, उघड्या गटारात पडून एका महिलेचा मृत्यू झाला. जोराच्या प्रवाहाचंही तसंच. ओढ्याचा तळ दिसत नसेल, तर तिथूनच मागे फिरा.