हायबरी : घरांच्या गर्दीतले मैदान

फुटबॉलचे स्टेडियम म्हणजे गावाबाहेर, मोकळ्या जागेवर बांधलेली वास्तू, अशी माझी समजूत होती. उत्तर लंडनमधील हायबरीचा इतिहास वाचला आणि ती पार मोडली. तिथे स्टेडियम आणि शेजाऱ्यांची परसे यांत भिंतीचेच काय ते अंतर. हायबरी हिल रस्त्यावरचे एक प्रवेशद्वार तर घरांच्या ओळीतच बसवलेले आहे.

आर्सेनल हा संघ मूळचा टेम्सपलीकडच्या वूलविचचा. तिथल्या शस्त्रास्त्रांच्या कारखान्यातील कामगारांनी तो १८८६ साली काढला. तिकडे प्रेक्षक पुरेसे मिळेनात, तेव्हा १९१३ मध्ये संघाने बिऱ्हाड हलवून हायबरीतील एका धर्मशिक्षण संस्थेचे क्रीडांगण भाडेपट्ट्याने घेतले. अट अशी, की नाताळच्या दिवशी आणि गुड फ्रायडेला सामना खेळायचा नाही. रहिवाशांनीही कडाडून विरोध केला. त्यांचे काय चुकले? शनिवारी दुपारी हजारो माणसे आपल्या दारावरून लोटणार, हे कोणाला आवडेल?

पहिला सामना झाला तेव्हा बांधकाम अपुरेच होते. आर्सेनलचा पहिला गोल करणारा जोबी त्याच दिवशी जखमी झाला आणि त्याला चक्क दूधवाल्याच्या गाडीवरून न्यावे लागले!

हळूहळू मात्र वस्तीने या पाहुण्याला आपले मानले. १९२५ मध्ये क्लबने जागा ६४,००० पौंडांना विकतच घेतली. पुढे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांच्या खटपटीने १९३२ मध्ये जवळच्या भुयारी रेल्वेस्थानकाचे गिलेस्पी रोड हे नाव जाऊन 'आर्सेनल' असे नाव पडले. मला हे फार बोलके वाटते. पाहुण्याने यजमानाच्या दारावर आपली पाटी लावावी, तसे. १९३५ साली संडरलंडविरुद्धच्या सामन्याला ७३,२९५ प्रेक्षक होते. एवढी माणसे त्या गल्ल्यांत मावली कशी, कोण जाणे!

मावली, कारण बहुतेक जण उभे असत. १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूलचे ९७ प्रेक्षक दगावले. त्यानंतर मोठ्या स्टेडियममध्ये प्रत्येकाला खुर्ची देणे सक्तीचे झाले. हायबरीची क्षमता अडतीस हजारांवर आली. वाढवावे तर चारी बाजूंना घरे. शिवाय १९३६ च्या देखण्या पूर्व स्टँडला वारसा म्हणून कायद्याचे संरक्षण. मुंबईच्या चाळीत कुटुंब वाढते पण खोली वाढत नाही, तशी गत. ७ मे २००६ रोजी विगनविरुद्ध शेवटचा सामना झाला. थिएरी हेन्रीने तीन गोल केले आणि गुडघे टेकून हिरवळीचे चुंबन घेतले. क्लब जवळच्याच साठ हजारी नव्या स्टेडियममध्ये गेला.

आणि हायबरी? पूर्व आणि पश्चिम स्टँडचे दर्शनी भाग राखून तिथे शेकडो सदनिका उभ्या राहिल्या. मैदानाच्या जागी आता रहिवाशांची बाग आहे.