कॅमेरा हाती घेताना (लेखांक ५) : आधी आवाज, मग चेहरा

मेमरी कार्ड आणि बॅटरीचा हिशेब मागच्या आठवड्यात झाला. आता समोर माणूस बसवू.

आष्ट्यात नवा कॅमेरा घेतलेल्यांना माझं सांगणं असं, की सराव म्हणून फुलं आणि सूर्यास्त टिपत बसू नका. घरातल्या, गल्लीतल्या सर्वांत वयस्क माणसाची मुलाखत घ्या, आणि ती लवकर घ्या. १९४३ ते १९४६ या काळात याच भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेतून जाणारा सरकारी पगार ताब्यात घेणाऱ्या, प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, म्हणजे कुंडलचे रामचंद्र श्रीपती लाड, फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले. क्रांतिसिंहांच्या कन्या हौसाताई पाटील त्याआधी, सप्टेंबर २०२१ मध्ये. पत्रकार पी. साईनाथ आणि त्यांच्या 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळाच्या मंडळींनी दोघांचंही बोलणं वेळेत टिपून ठेवलं, म्हणून ते आज ऐकता येतं. शेणोलीच्या प्रसंगाला 'लूट' म्हटलेलं कॅप्टन भाऊंना खपत नसे. ब्रिटिशांनी लुटलेला लोकांचाच पैसा परत आणला, असं ते ठासून सांगत. हे छापील वाचणं वेगळं आणि नव्वदी ओलांडलेल्या माणसाच्या तोंडून ऐकणं वेगळं.

म्हणून आवाजाची तयारी आधी. कॅमेऱ्याच्या अंगच्या माइकवर विसंबू नका. तो बोलणाऱ्यापासून लांब असतो आणि खोलीचा घुमारा जास्त पकडतो. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. आजींचा पदर किंवा बोरमाळ त्यावर घासत नाही ना, हे हेडफोन लावूनच कळतं. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा सुरू करायचं लक्षात राहावं म्हणून गाडीची चावी त्यातच ठेवावी. उसाच्या हंगामात पेठ–सांगली रस्त्याकडेचं घर असेल, तर मागची खोली निवडा. ट्रॅक्टरचा आवाज संकलनात नीट काढता येत नाही. शेवटी सगळ्यांनी गप्प बसून रिकाम्या खोलीचा अर्धा मिनिट आवाज घ्या. दोन तुकडे जोडताना तो कामी येतो.

चित्राचं गणित त्यामानाने सोपं. सोप्यात खिडकीचा उजेड चेहऱ्यावर बाजूनं पडेल असं बसवा, पाठ भिंतीला टेकवू नका. लेन्स डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं तर पट्टे सरकत नाहीत. नव्या लेन्सवर मागचं सगळं धूसर करण्याचा मोह होतो. पण रंगात आलेला माणूस पुढे झुकतो, आणि एफ १.८ वर त्याचे डोळे फोकसबाहेर जातात. एफ ४ पुरे.

प्रश्न विचारणाऱ्यानं लेन्सला लागून बसावं. त्याच्याशी बोलताना नजर आपोआप योग्य जागी राहते. "तात्या, पुरात तुम्ही इथंच होता का?" असं विचारलं, तर "व्हय" एवढंच मिळेल. "२००५ला पाणी कुठवर आलं होतं, सांगा की" म्हटलं, की तात्या उंबरा दाखवतील, गोठ्यातली जनावरं कुणी सोडली ते सांगतील, मग २०१९च्या पुराशी तुलना करतील. उत्तर संपलं असं वाटलं तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. थोडं थांबा. बरेचदा खरी गोष्ट त्यानंतर येते. मधे "हं, हं" करू नका, मान हलवा; तुमचा हुंकारही माइक टिपतो.

आणि त्यांची भाषा सुधारू नका. घरच्या पोरांना "आजोबा, नीट बोला" म्हणायची सवय असते, त्यांना आधीच समजावून ठेवा. आष्ट्याची बोली जशी आहे तशीच यायला हवी.

त्याच रात्री फाइल दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या आणि त्यानंतरच कार्ड पुसा. या तुकड्यांचं संकलन कसं करायचं, ते पुढच्या लेखांकात.