यंत्र ‘आप्त’ आहे का?

व्याख्यान सुरू होण्याआधीच एका शिक्षिकेची चिठ्ठी माझ्या हाती आली. ‘मुलं निबंध मोबाइलवरून करून आणतात. मग आम्ही तपासायचं तरी काय?’ प्रश्न रास्त आहे. 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि घरून लिहून आणायच्या निबंधाचा पायाच हलला.

याआधीची साधनं वेगळी होती. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, 2020 साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. पण कोडामागे काय ठेवायचं, हे तिथे शिक्षकच ठरवत होता. आता यंत्र स्वतःच उत्तर रचून देतं.

इथे मला आपलं न्यायदर्शन उपयोगी वाटतं. नैयायिक चार प्रमाणं मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे कुणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. आप्त कोण? वात्स्यायनाच्या भाष्यानुसार, ज्याला विषय साक्षात माहीत आहे आणि तो जसा आहे तसा सांगावा अशी ज्याची इच्छा आहे, तो. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ! बघा, किती मोकळी व्याख्या आहे. जातकुळी विचारायची नाही, दोन अटी तपासायच्या. यंत्राला त्या लावा. कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येणं संभवतं, हे ते अफाट मजकुरावरून शिकलेलं असतं. साक्षात ज्ञान नाही, सांगण्याची इच्छा तर नाहीच नाही. म्हणूनच कधीकधी ते अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचा हवालाही बेधडक देतं.

मग वर्गात काय करायचं? बंदी घालून उपयोग नाही, ती फक्त चोरी शिकवते. समजा, चार्वाकांच्या ज्ञानविचारावर निबंध द्यायचा आहे. मुलांना सांगा, यंत्राचं उत्तर उघडपणे आणा. पाच-पाच जणांचे गट करा, एका गटाला एकच परिच्छेद द्या, आणि प्रत्येक वाक्याला विचारायला लावा: हे कशावरून? ‘चार्वाक म्हणतात’ असं तिथे हमखास लिहिलेलं असेल. पण चार्वाकांचे मूळ ग्रंथ जवळपास उरलेलेच नाहीत. त्यांची मतं आपल्याला बरीचशी विरोधकांच्या लेखनातून कळतात, माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’सारख्या ग्रंथांतून. मग हे म्हणतंय कोण, चार्वाक की माधवाचार्य? या प्रश्नाशी मूल पाच मिनिटं अडलं, की तास सार्थकी लागला. गुण निबंधाला नकोत, अशा शंकांना द्या. आणि शंका घेणाऱ्याला तोंडी दोन प्रश्न विचारा, कारण शंकासुद्धा यंत्राकडून मागवता येतात!

याला वेळ लागतो, हे मान्य. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात एका निबंधाला तीन-चार तास सहज जातील. त्यासाठी अभ्यासक्रमातला एखादा घटक गाळावा लागला तर गाळावा, असं माझं स्पष्ट मत आहे. विद्यापीठाला ते आवडणार नाही.