काळ्या रानातला कर्ब

‘आमच्या काळीला खताची काय गरज?’ तापी-पूर्णेच्या काठी, मुक्ताईनगरच्या परिसरात हे वाक्य सहज कानावर येतं. पण मातीचा काळा रंग हा सेंद्रिय कर्बाचा पुरावा नाही. बेसाल्टमधून आलेली खनिजं आणि चिकणमातीला घट्ट धरून बसलेला थोडासा ह्यूमस, एवढ्यानेही माती काळीभोर दिसते. कर्ब ०.५ टक्क्यांच्या खाली असला की माती परीक्षणात ‘कमी’ असा शेरा येतो, आणि काळ्या रानांना तो अनेकदा मिळतो. भाताच्या खाचरात पाणी साचल्यामुळे प्राणवायू तुटतो, कुजणं मंदावतं आणि कर्ब टिकतो. याउलट खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, वर नांगरट वारंवार होते, त्यामुळे इथे कर्ब झपाट्याने झिजतो.

दोन ट्रॉल्या शेणखत टाकलं की वर्षात कर्ब भरून येईल, हाही गैरसमज. हिशेब करून पाहा. एका एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात साधारण ९०० टन माती असते. कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर ९०० किलो कर्ब जमिनीत टिकायला हवा. ५ टन कुजलेल्या शेणखतातून मुळात तेवढाही क्वचितच मिळतो, आणि त्यातला मोठा भाग जिवाणू श्वासावाटे उडवून टाकतात. म्हणजे हे काम बऱ्याच वर्षांचं आहे. २०० लिटर जीवामृतात शेण असतं १० किलो. त्याने कर्बाची तूट कशी भरणार?

पऱ्हाट्या जाळल्या की राखेचं खत होतं, असं म्हणतात. राखेत पालाश उरतं खरं, पण कर्ब आणि नत्र जवळजवळ सगळं उडून जातं. म्हणून त्या बांधावर रचून ठेवाव्यात असंही नाही, कारण गुलाबी बोंडअळी त्यातच दडते. श्रेडरने बारीक करून, शेण आणि थोडा युरिया मिसळून कुजवाव्यात. ताज्याच गाडल्या तर कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात, पुढचं पीक पिवळं पडतं आणि दोष काडीकचऱ्यावर येतो. घड कापल्यावर बाहेर फेकल्या जाणाऱ्या केळीच्या खोडांत पालाश भरपूर असतं. रोगट झाडं वगळून बाकीच्यांचे तुकडे करून बागेतच पसरावेत.

मग रासायनिक खत बंद करायचं का? अकोल्याच्या कृषी विद्यापीठात काळ्या जमिनीवर ज्वारी-गव्हाचा दीर्घकालीन प्रयोग चालू आहे. तिथे शिफारशीचं खत आणि शेणखत एकत्र दिलेल्या वाफ्यांनी उत्पादन आणि कर्ब, दोन्हीत आघाडी घेतली. मला हाच मार्ग पटतो.

स्वतः पडताळायचं असेल तर बांधावरच्या न नांगरलेल्या गवताखालचं एक ढेकूळ घ्या, एक रानाच्या मधलं. दोन्ही वाळवून पाण्याच्या ग्लासांत अलगद सोडा. कर्ब कमी असलेलं ढेकूळ बहुधा लवकर विरघळून पाणी गढूळ करतं. पावसात अशाच मातीचा वरचा थर दबून घट्ट होतो, पाणी मुरत नाही आणि केळीची मुळं गुदमरतात.