घरातून नाहीसा झालेला धूर

पूर्वी गावात कोणाच्या घरी चूल पेटली आहे हे दुरूनही कळत असे. कौलांच्या फटींतून निळसर धूर वर चढू लागे. स्वयंपाकघराच्या भिंती काजळीने काळवंडत आणि फुंकणीने जाळ फुंकता फुंकता गृहिणीचे डोळे लाल होत. आज पुष्कळ घरांत शेगडी गॅसची आहे, दिवे विजेचे आहेत आणि भिंती स्वच्छ आहेत. मग तो धूर गेला कोठे?

त्याचा माग काढीत चंद्रपूरपर्यंत जावे लागते. तेथील औष्णिक विद्युत केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. तेथे दगडी कोळसा जाळतात. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेच्या जोराने प्रचंड चक्रे फिरतात आणि वीज उत्पन्न होते. ती तारांच्या जाळ्यातून दूरदूरच्या घरांत पोहोचते. दिवा एका घरी लागतो. धूर आणि राख मात्र अशा केंद्रांच्या आसपास राहणाऱ्यांच्या वाट्यास येतात. कोयनेला पाण्याच्या बळावर वीज होते, ऊन आणि वारा यांपासूनही ती आता मिळू लागली आहे. तथापि देशातील निम्म्याहून अधिक वीज अद्याप कोळशाचीच आहे.

कोळसा असो वा गॅस, दोहोंत कार्बन असतो. जळताना हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू डोळ्यांना दिसत नाही, त्याला वासही नसतो. वजन मात्र असते आणि ते ऐकून नवल वाटते. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो संपतो तेव्हा सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळलेला असतो. चौदाचे बेचाळीस कसे झाले? कार्बनच्या दर १२ भागांना प्राणवायूचे ३२ भाग येऊन मिळतात, म्हणून! ही भर हवेतून पडते.

हा वायू उष्णता अडवून धरतो, हे जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये प्रयोगाने दाखविले. १९५८ मध्ये हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आता ४२० हून अधिक आहे. पृथ्वी तापत चालली आहे ती मुख्यतः यामुळेच. एका कुटुंबाच्या व्यवहारांतून असे जेवढे वायू हवेत जातात, त्यांच्या एकूण भाराला त्या घराचा ‘कार्बन ठसा’ म्हणतात. विजेच्या एका युनिटामागे सरासरीने अदमासे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरावा. महिन्याला १०० युनिटे वापरणाऱ्या घराचा विजेपुरता ठसा ७० किलोंचा झाला.

तो कमी करावयाचा म्हटले की घरोघरी पहिले लक्ष जाते ते दिव्यांकडे. ते योग्यच आहे. जुन्या ६० वॅटच्या दिव्याचे काम आज ९ वॅटचा एलईडी दिवा करतो. परंतु खरी वीज खाते ती उष्णता. १५ लिटरांची एक बादली २५ अंशांपासून ४५ अंशांपर्यंत तापविण्यास जी वीज लागते, तेवढ्यात तो एलईडी दिवा दीड दिवसाहून अधिक काळ जळत राहील! स्नानाला एक बादली पाणी कमी घेणाऱ्याने दिवा विझविणाऱ्याहून मोठी बचत केली, असेच म्हणावे लागेल. गच्चीवर सौर बंब असेल तर पाणी तापविण्याचे पुष्कळसे काम सूर्यच करतो.

स्वयंपाकघरातही हेच सूत्र चालते. उघड्या भांड्यातील पाण्याला एकदा उकळी फुटली, की जाळ कितीही मोठा केला तरी ते अधिक तापत नाही. नुसती वाफ अधिक होते. म्हणून उकळीनंतर आच मंद करावी आणि भांड्यावर झाकण ठेवावे. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडली गेल्याने पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते आणि डाळ लवकर शिजते. ती आधी भिजत घातली तर आणखी लवकर. आजीबाई हे शास्त्र न शिकताही जाणत होत्या!

मात्र सर्व घरांना एकच हिशेब लावणे न्यायाचे नाही. वातानुकूलन यंत्र एका रात्रीत जेवढी वीज खाते, तेवढ्यात साधा पंखा दहा-बारा रात्री फिरतो. ज्या झोपडीत दोनच दिवे आहेत, तिने आणखी काय कमी करावे? चुलीवर रांधणाऱ्या घरात गॅस आला तर तोही कार्बन डायऑक्साइड सोडणारच. पण लाकडाचा जाळ अपुरा असतो, त्याच्या धुरातील काजळी आणि विषारी वायू रांधणारीच्या व तिच्या मुलांच्या छातीत जातात. म्हणून तेथे गॅस हवाच. गरीब कुटुंबांना गॅसची जोडणी देण्यासाठी २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि कोट्यवधी घरांत शेगडी आली. तरीही सिलिंडर संपल्यावर दुसरा घेण्यास पैसे नसले, की त्यांतील कित्येक घरांत चूल पुन्हा पेटते.