कामाचा आठवडा (भाग ६) : राखीव वेळ एकट्याने राखता येत नाही

मागच्या भागात आठवड्याच्या कामांची यादी करून त्यातली सलग लक्ष मागणारी कामे आपण वेगळी काढली. अहवाल लिहिणे, हिशेब जुळवणे, परीक्षेचा पेपर काढणे, प्रोग्रॅमचा अवघड भाग रचणे अशी ती कामे. आता त्यांना आठवड्यात जागा कुठे द्यायची, हा प्रश्न आहे. यावर नेहमी मिळणारा सल्ला म्हणजे सोमवार ते शुक्रवारच्या प्रत्येक तासाला एक काम नेमा आणि त्याबरहुकूम चाला. वेळ आधी राखून ठेवावी, इथपर्यंत तो मला पटतो. मात्र अख्खा आठवडा भरून टाकायचा आणि तोही कोणाशी न बोलता, हे दोन्ही मला चुकीचे वाटते. त्यातही दुसरी चूक अधिक महागात पडते.

आधी पटणाऱ्या भागाबद्दल. नुसते ‘हे करायचे आहे’ असे ठरवणे आणि ‘अमुक वारी, अमुक वेळी, अमुक ठिकाणी करायचे आहे’ असे ठरवणे यांत मोठा फरक पडतो. पीटर गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा वेळ-ठिकाण नेमण्याचा परिणाम ठळकपणे दिसला. वेळ सलग का हवी, याचे उत्तर सोफी लेरॉय यांच्या २००९ च्या अभ्यासात आहे. एक काम अपुरे टाकून माणूस दुसऱ्याकडे वळला की त्याच्या लक्षाचा काही अंश पहिल्या कामातच गुंतून राहतो आणि दुसरे काम त्या प्रमाणात कच्चे होते. म्हणून दिवसभरात विखुरलेले अर्ध्या-अर्ध्या तासाचे चार तुकडे म्हणजे दोन तास नव्हेत. आपण कागदावर ते दोन तास धरतो आणि संध्याकाळी काम का उरले म्हणून स्वतःला दोष देतो.

मग सगळाच आठवडा सलग खंडांनी का भरू नये? कारण काम किती वेळ घेईल याचा आपला अंदाज नेमाने चुकतो, आणि तो एकाच दिशेने चुकतो. ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारले की काम किती दिवसांत होईल. सरासरी उत्तर सुमारे ३४ दिवस आले, प्रत्यक्षात सुमारे ५५ लागले. ‘सगळे बिनसले तर किती?’ या प्रश्नाचे उत्तरही खऱ्या आकड्याच्या खालीच राहिले. अंदाज बांधताना माणूस समोरच्या कामाच्या पायऱ्या डोळ्यांपुढे आणतो. मागची तशीच कामे किती लांबली होती, हे हिशेबात घेत नाही. अशा अंदाजांवर भरलेल्या आठवड्यात पहिलेच काम लांबले की पुढची सगळी सरकतात. माझ्या मते आठवड्यात दीड-दोन तासांचे चार-पाच खंड राखावेत आणि एक मोकळा ठेवावा, लांबलेल्या कामासाठी. हा आकडा फार लहान वाटेल. पण ते खरोखर पाळले गेले, तर पुष्कळ काम उरकते.

आता ते पाळले जाण्याबद्दल. लेस्ली पर्लो यांनी अमेरिकेतल्या एका कंपनीतील सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या गटाचा अभ्यास केला. तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. ही मंडळी रात्री आणि सुटीच्या दिवशी खपत, कारण दिवसभर एकमेकांना अडवत. ते अडवणे निरर्थकही नव्हते. प्रश्न कामाचेच असत. पर्लो यांनी आठवड्यातले ठरावीक तास ‘शांत वेळ’ म्हणून सगळ्या गटासाठी एकदम लागू केले. त्या वेळात कोणी कोणाला काही विचारायचे नाही, विचारायचे ते नंतर. गटाचे उत्पादन ठरल्या तारखेला बाहेर पडले. प्रयोग संपल्यावर मात्र जुनी सवय परतली. हा शेवट मला यशाहून महत्त्वाचा वाटतो. अभियंते तेच होते, त्यांना फायदाही कळला होता, तरी गटाचा नियम उठताच एकेकट्याचा निश्चय टिकला नाही.

बेंजामिन फ्रँकलिन यांचे चोवीस तासांचे वेळापत्रक या विषयात आदर्श म्हणून दाखवतात. त्यांनी आत्मचरित्रात दिलेली कबुली मात्र मागे राहते. व्यवस्थितपणाचा नियम त्यांना सर्वांत जड गेला. छापखान्यातल्या रोजंदारीच्या कारागिराला तो जमेल, मालकाला नाही, कारण मालकाला लोक येतील तेव्हा भेटावे लागते, असे ते सांगतात. यावरून कोणी म्हणेल की ज्याची वेळ दुसऱ्यांच्या हाती आहे त्याने आखणी करूच नये. मला उलटा निष्कर्ष निघतो: येणाऱ्यांशीच वेळ ठरवली पाहिजे. दवाखान्याबाहेर तपासणीची वेळ लिहिलेली असते, सरकारी कार्यालयात अभ्यागतांची. उपलब्ध वेळ जाहीर झाली की उरलेली राखणे सोपे जाते.

काउंटरवरचा कारकून किंवा वॉर्डातली परिचारिका यांच्याबाबत आक्षेप अधिक खरा आहे. तिथे समोर येणारा माणूस हेच काम. पण नोंदी पुऱ्या करायचे काम त्यांनाही असतेच, आणि ते बहुधा ड्युटी संपल्यावर होते. सहकाऱ्याने पाऊण तास खिडकी सांभाळायची आणि मग पाळी बदलायची, एवढी सोय प्रमुखाने लावली तर तो राखीव खंडच झाला. पुण्या-हिंजवडीच्या आयटी मंडळींची अडचण वेगळी आहे. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे, ऋतूप्रमाणे, संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात झालेले असतात. म्हणजे तिथल्या लोकांबरोबरचे कॉल दिवसाच्या शेवटी येतात. सकाळ शांत मिळू शकते, पण रात्री साचलेल्या ईमेलची उत्तरे देण्यातच ती जाते. ‘उत्तरे दुपारनंतर’ हे एकट्याने ठरवले तर उद्धटपणा दिसतो. टीमने ठरवून पलीकडच्यांना कळवले तर ती कामाची पद्धत ठरते.

राहिला साहेबाचा प्रश्न. साहेब मानणार नाहीत, ही भीती खरी आहे आणि काही ठिकाणी ते मानणारही नाहीत. म्हणून मागणी लहान असावी: आठवड्यात दोनच सकाळी, सगळ्या विभागासाठी, महिनाभर. तातडीचे म्हणजे काय, तेही आधी लिहून ठेवावे, नाहीतर प्रत्येक गोष्ट तातडीची होते. या मागणीच्या आड सर्वांत जास्त येतात त्या सकाळच्या मीटिंगा. पुढच्या भागात त्यांच्याकडे वळू.