उलूक, उल्लू आणि पिंगळा

‘उलूक’ हा शब्द थेट ऋग्वेदात सापडतो, आणि तो बहुधा घुबडाच्या ओरडण्यावरूनच आला. लॅटिनमध्येही घुबड म्हणजे ‘उलुला’! तेव्हा ‘उलूक’ ही शिवी नव्हती. शकुनीच्या मुलाचं नाव उलूक. कणादाच्या वैशेषिक दर्शनालाही ‘औलूक्य’ म्हणतात. उल्लूला मूर्ख ठरवलं ते पुढे हिंदीनं.

पिंगळा या छोट्या घुबडाचं नाव मात्र रंगावरून पडलं. ‘पिंगल’ म्हणजे पिवळसर तपकिरी. भल्या पहाटे कंदील घेऊन दारोदार भविष्य सांगणारा पिंगळाही याच पक्ष्याचं नाव लावतो.

पिंगळा पक्ष्याचा भाऊबंद म्हणजे रानपिंगळा. १८७३ मध्ये पक्षितज्ज्ञ ह्यूमनं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. १८८४ नंतर तो अभ्यासकांना दिसेनासा झाला, आणि १९९७ मध्ये पुन्हा सापडला तो शहाद्याजवळच्या जंगलात.